एम्.ए.ची दोन वर्षे आणि उशिरा पोचणारी शिष्यवृत्ती

गेल्या आषाढात महागावच्या बसस्थानकावर माझी एक विद्यार्थिनी आणि तिचे वडील भेटले. मुलगी नुकतीच बी.ए. झालेली. मराठी हा तिचा विषय. वर्गात मागच्या बाकावर बसायची, पण प्रश्न विचारायची ते नेमके. तिला एम्.ए. करायचे होते. वडील दुसऱ्याच्या वावरात मजुरी करणारे. त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली आणि विचारले, "सर, पोरगी म्हन्ते सरकार पयसे देते. देते त खरं, पन कधी देते?"

सरकार पैसे देते की नाही याचे उत्तर मला ठाऊक होते. कधी देते याचे उत्तर मी टाळले. "अर्ज तर भरू," असे म्हणून मी गाडीत चढलो. त्या दिवसापासून हा प्रश्न मनातून जात नाही. शिक्षणाविषयी आपल्या चळवळीत पुष्कळ बोलले गेले आहे, शिष्यवृत्तीविषयीही बोलले गेले आहे. परंतु एम्.ए., एम्.कॉम., एम्.एस्सी.च्या वर्गात बसून दोन वर्षांनी पदवी घेणारा जो विद्यार्थी, त्याचा स्वतंत्र विचार क्वचितच झाला. खालच्या वर्गांचा विचार होतो, वर संशोधनाचा होतो. मधला हा तुकडा मात्र राहून जातो. तोच येथे करावयाचा आहे.

आधी माझी जागा सांगतो, म्हणजे मी कोठून बोलतो आहे हे वाचकांना कळेल. मी या तालुक्यात महाविद्यालयात शिकवतो, तासिका तत्त्वावर. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. वडील सालदार होते, आई कापूस वेचायला जात असे. शिष्यवृत्तीचे अर्ज भरून घेणे, कागद तपासणे हे काम मास्तर म्हणून माझ्याकडे आले आहे. एकेकाळी ज्या टेबलासमोर मी हात बांधून उभा राहिलो, त्याच टेबलाच्या दुसऱ्या बाजूला आज मी बसतो. तेव्हा पुढील लिखाणात काही दोष कार्यालयांचे निघतील, काही धोरणाचे निघतील आणि काही माझेही निघतील.

१. हा पैसा आला कोठून

शिष्यवृत्ती ही सरकारची मेहेरबानी आहे, असे आपल्याच मुलांना वाटू लागले आहे. म्हणून तिचा इतिहास थोडक्यात पाहिला पाहिजे.

१८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे जे निवेदन केले, त्यात शिष्यवृत्त्यांचा प्रश्न आहे. त्यांचे म्हणणे असे होते की, ज्या वर्गांना शिक्षणाची गोडी आधीच लागली आहे त्यांनाच या शिष्यवृत्त्या मिळतात. ज्या जातींत शिक्षणाचा शिरकावच झालेला नाही त्यांच्यासाठी त्यांतील काही राखून ठेवाव्यात. स्पर्धेने शिष्यवृत्ती देणे वरवर न्याय्य दिसते, पण त्यामुळे इतर वर्गांत विद्या पसरत नाही, हेही त्यांनी सांगितले. या विचाराला आता एकशे चाळीस वर्षे उलटली. पुढे आपल्याला त्याची पुन्हा गरज लागणार आहे.

दुसरा टप्पा १९१३ चा. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकर या तरुणाला अमेरिकेत शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. ती घेताना दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करण्याचा करार करावा लागला. कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी काय केले? ते वर्गात बसले. अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र अशा विषयांचे वर्गामागून वर्ग त्यांनी केले आणि १९१५ साली ते एम्.ए. झाले. १९१६ च्या मे महिन्यात भारतातील जातींवरचा त्यांचा प्रसिद्ध निबंध त्यांनी वाचला तो मानववंशशास्त्राच्या वर्गातील चर्चासत्रात. जातिव्यवस्थेच्या चिकित्सेचा एवढा मोठा आरंभ एका वर्गाच्या खोलीत झाला, आणि त्या खोलीत बसण्यासाठी लागणारा निवांतपणा त्या साडेअकरा पौंडांनी दिला होता. पैसे काटकसरीचे होते, पण ठरलेले होते. विद्यार्थ्याला पुढच्या महिन्याची खात्री होती.

तिसरा टप्पा १९४२ ते १९४४ चा. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद झाल्यावर बाबासाहेबांनी ऑक्टोबर १९४२ मध्ये अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन लॉर्ड लिनलिथगो यांना सादर केले. त्यातून अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी वर्षाला तीन लाख रुपयांची तरतूद झाली आणि १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. येथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. त्यांचा आग्रह उच्च शिक्षणाचा होता. राज्ययंत्रातील मोक्याच्या जागांवर आपली माणसे बसली पाहिजेत आणि त्यासाठी लागणारी विद्या वरच्या वर्गांत मिळते, हा त्यामागचा विचार होता. म्हणजे आज ज्याला आपण 'भारत सरकारची शिष्यवृत्ती' म्हणतो, तिचे मूळ एका लढाऊ निवेदनात आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ च्या धर्मांतरानंतर बौद्ध झालेल्यांना केंद्राच्या सवलतींतून वगळले गेले. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाल्यावर यशवंतराव चव्हाणांच्या काळात राज्याच्या सवलती नवबौद्धांना मिळाल्या. केंद्राने मात्र १९९० साली कायद्यात दुरुस्ती करून त्यांना अनुसूचित जातींचा दर्जा दिला. मधल्या तीन दशकांत धर्म बदलल्याची किंमत विद्यार्थ्यांनी मोजली. तेव्हा या शिष्यवृत्तीचा प्रत्येक रुपया कोणीतरी मागून, भांडून आणलेला आहे. तो घेताना मान खाली घालण्याचे कारण नाही.

२. एम्.ए.च्या वाट्याला काय येते

आता आजची स्थिती पाहू. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचे दोन भाग आहेत. एक, महाविद्यालयाला द्यावयाचे शिक्षण शुल्क, परीक्षा शुल्क इत्यादी. दुसरा, विद्यार्थ्याच्या हातात येणारा निर्वाह भत्ता. पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख रुपये. त्याहून अधिक उत्पन्न असलेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला महाराष्ट्रात 'फ्रीशिप' मिळते, म्हणजे शुल्क माफ होते, भत्ता मिळत नाही.

२०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी अभ्यासक्रमांचे चार गट केले आणि मासिक भत्त्याऐवजी वार्षिक शैक्षणिक भत्ता ठरवला. वैद्यकीय, अभियांत्रिकी यांसारख्या पहिल्या गटात वसतिगृहात राहणाऱ्याला वर्षाला १३,५०० रुपये आणि घरून जाणाऱ्याला ७,०००. साधे पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रम तिसऱ्या गटात आले. तेथे वसतिगृहवाल्याला ६,००० आणि घरून ये-जा करणाऱ्याला ३,००० रुपये. शैक्षणिक वर्ष दहा महिन्यांचे धरले तर महागावहून एस.टी.ने जाणाऱ्या मुलीच्या वाट्याला महिन्याला ३०० रुपये येतात. एवढ्यात प्रवास, पुस्तके, झेरॉक्स, दुपारचे खाणे कसे बसवायचे, हे सूचनांत सांगितलेले नाही.

याच मुलीने दोन वर्षांनी नेट परीक्षा दिली आणि कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळवली, तर तिला महिन्याला ३७,००० रुपये मिळतील. १ जानेवारी २०२३ पासून तो दर झाला आहे. अनुसूचित जातींसाठी केंद्राची संशोधन अधिछात्रवृत्ती २००५-०६ पासून आहे. आपल्या राज्यात बार्टीची अधिछात्रवृत्ती आहे. या सर्व संशोधनासाठी आहेत. त्या असाव्यात, वाढाव्यात. त्यांच्यासाठी आपल्या मुलांनी रस्त्यावर बसून उपोषणे केली आहेत. पण ३०० रुपयांच्या पायरीवरून ३७,००० च्या पायरीवर उडी मारायची आहे आणि मधे जिना नाही, ही गोष्ट कोणी बोलत नाही.

दुसरीकडे पाहा. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती वर्षाला ७५ विद्यार्थ्यांना परदेशी पाठवते. तेथल्या विद्यापीठात एक-दोन वर्षांचा वर्गात बसून करायचा पदव्युत्तर अभ्यासक्रम घेतला तरी त्याचा खर्च शासन उचलते. तो उचलावाच. परंतु तोच अभ्यासक्रम अमरावतीत किंवा यवतमाळात केला, तर तो खर्च उचलण्याजोगा का ठरत नाही? विद्यापीठ अनुदान आयोगाची अनुसूचित जाती-जमातींच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी एक योजना होती, ती फक्त 'व्यावसायिक' अभ्यासक्रमांना, एम्.ए., एम्.एस्सी., एम्.कॉम. यांना तिच्यातून स्पष्टपणे वगळले होते.

हे वगळणे केवळ आपल्याकडचे नाही. अमेरिका-कॅनडातील विद्यापीठांतही संशोधन करणाऱ्याला विद्यापीठ पैसा देते, कारण त्याचे काम प्राध्यापकाच्या प्रकल्पाला उपयोगी पडते. वर्गात बसून अभ्यासक्रम पुरा करणाऱ्याने मात्र बहुधा स्वतःच्या खिशातून भरावे, अशी रीत आहे. ज्याच्या शिकण्याचा तात्काळ उपयोग दिसतो त्याला पैसा, जो स्वतःसाठी वाचतो त्याने घरून आणावा, असा तो हिशेब. ज्याच्या घरी आणण्याजोगे काही आहे, त्याला हा हिशेब फारसा टोचत नाही.

२०२३-२४ पासून आयोगाने पदव्युत्तर शिक्षणासाठी नवी राष्ट्रीय शिष्यवृत्ती आणली. देशभरात १०,००० जागा, महिन्याला १५,००० रुपये, वर्षातील दहा महिने. या आकड्यात खरोखर शिकता येते, हे आनंदाने मान्य केले पाहिजे. पण निवड पदवीच्या गुणांवर होते. पदवीच्या तीन वर्षांत जी मुलगी सोयाबीनच्या सोंगणीला आणि कापसाच्या वेचणीला गेली, तिचे गुण शहरातल्या मुलीच्या गुणांशी तोलायचे. आरक्षण असले तरी आरक्षणाच्या आतही घरात पुस्तके असलेला आणि घरात पुस्तके नसलेला हा भेद राहतोच. १८८२ साली फुल्यांनी जे सांगितले ते येथे आठवते.

राहण्याचा प्रश्न वेगळा. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली तर उत्तम. न मिळाल्यास २०१७ च्या जानेवारीत शासनाने काढलेली डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तिच्यात सुरुवातीला मुंबई-पुणे-नागपूरसारख्या शहरांत वर्षाला ६०,०००, अमरावतीसारख्या विभागीय शहरांत ५१,००० आणि उर्वरित ठिकाणी ४३,००० अशी रक्कम ठरली. भोजन, खोलीभाडे आणि निर्वाह असे तिचे भाग आहेत. गावातल्या मुलाला शहरात टिकवणारी अशी दुसरी योजना मला माहीत नाही. पण हिच्याही बाबतीत बसस्थानकावरचा प्रश्न उभा राहतो : कधी?

३. पैशाचे पंचांग आणि शेताचे पंचांग

आमच्या भागात मजुराच्या घरी पैसा कधी असतो आणि कधी नसतो, हे ठरलेले आहे. मृग लागला की हात रिकामे होतात. पेरणीच्या दिवसांत थोडी मजुरी मिळते, ती मागची उधारी फेडण्यात जाते. श्रावण-भाद्रपदात निंदणाचे काम. दसऱ्याच्या सुमारास सोयाबीन निघते, दिवाळीनंतर कापसाची वेचणी सुरू होते, तेव्हा कोठे घरात चार पैसे खेळतात. महाविद्यालयाचे प्रवेश नेमके जून-जुलैत होतात. म्हणजे घरात दमडी नसते तेव्हा शुल्क, पास, खोलीची आगाऊ रक्कम आणि पुस्तके एकदम दारात उभी राहतात.

शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या पोर्टलवर भरायचा. जातीचा दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास, मागची गुणपत्रिका, आधारशी जोडलेले बँक खाते. पैसे जमवण्यासाठी मधे एक वर्ष कामाला गेला असेल तर खंडाचे शपथपत्र. मग महाविद्यालयाची छाननी, मग समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांच्या कार्यालयाची मंजुरी, मग कोषागार. २०२१ पासून राज्याचा ४० टक्के हिस्सा आधी जमा होतो आणि केंद्राचा ६० टक्के हिस्सा त्यानंतर वेगळा येतो. खात्याला आधार नीट जोडलेले नसेल तर पैसा येऊन परत जातो, आणि विद्यार्थ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

या उशिरामागे धोरणही होते. पूर्वी पंचवार्षिक योजना संपली की त्या वर्षीचा सगळा खर्च राज्याच्या माथी 'प्रतिबद्ध दायित्व' म्हणून बसायचा आणि केंद्र फक्त त्यावरची वाढ द्यायचे. त्यामुळे २०१७-१८ ते २०१९-२० या वर्षांत संपूर्ण देशासाठी केंद्राचा वाटा वर्षाला सुमारे १,१०० कोटींवर आला होता. डिसेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाने ५९,०४८ कोटींची योजना मंजूर केली आणि ६० : ४० असे प्रमाण ठरवले; त्यात केंद्राचा भाग ३५,५३४ कोटी. ही सुधारणा मोठी आहे. पण तिजोरीतले आकडे वाढले म्हणून जुलै महिना सुकर झाला, असे मला अजून दिसलेले नाही.

माझाच अनुभव सांगतो. मी एम्.ए.च्या पहिल्या वर्षाला होतो तेव्हा वर्षभर शिष्यवृत्ती आली नाही. दिवसा वर्ग, संध्याकाळी एका खानावळीत ताटे मांडण्याचे काम. जेवण फुकट मिळे, म्हणून ते सोडवत नव्हते. ग्रंथालय संध्याकाळीच उघडे राहायचे. अभ्यासक्रमाला लावलेल्या कादंबऱ्या मी वाचल्या नाहीत. त्यांची गाईडे वाचली. परीक्षा पास झालो. त्यानंतर एके दिवशी दोन वर्षांची रक्कम एकदम खात्यावर आली. मी त्यातून आईला लुगडे घेतले, वडिलांचे देणे थोडे फेडले. ते वाईट झाले असे मी म्हणणार नाही. पण ज्या कामासाठी तो पैसा होता, ते काम तोवर होऊन गेले होते. पुढे नेटचा अभ्यास करताना त्याच कादंबऱ्या मला पुन्हा पहिल्यापासून वाचाव्या लागल्या. त्यात तीन वर्षे गेली.

म्हणून मला असे वाटते की, शिष्यवृत्तीचा हिशेब रुपयांत मांडून पुरत नाही, तो संध्याकाळींत मांडला पाहिजे. विद्यार्थ्याच्या किती संध्याकाळी ग्रंथालयात गेल्या आणि किती पोटामागे गेल्या? शिष्यवृत्ती म्हणजे विद्यार्थ्यासाठी विकत घेतलेला वेळ. तो वेळ निघून गेल्यावर आलेली रक्कम कितीही मोठी असली तरी तिने गेलेला वेळ परत घेता येत नाही.

४. खात्यावर आलेले शुल्क

आणखी एक गुंता सांगितला पाहिजे, कारण त्यात आमची मुले फसतात. शुल्काची रक्कमही आता विद्यार्थ्याच्याच खात्यावर जमा होते आणि ती त्याने महाविद्यालयात भरायची असते. मधला दलाल गेला, हे चांगलेच. परंतु ज्या घरात दवाखान्याचे बिल, खताची उधारी आणि किराणा एकाच खात्यावर चालतो, तेथे मार्च महिन्यात आलेली काही हजारांची रक्कम चार दिवस तरी टिकेल काय? बापाला वाटते पोराची शिष्यवृत्ती आली. ती खर्च होते. मग महाविद्यालय शुल्क मागते, ते दिले नाही म्हणून गुणपत्रिका अडते, गुणपत्रिका नाही म्हणून पुढच्या वर्षाचा अर्ज अडतो.

मी हे अडवण्याचे काम स्वतः केले आहे. कार्यालयाने हाती दिलेली थकबाकीदारांची यादी मी वर्गात मोठ्याने वाचली. यादीतली बहुतेक नावे आपल्याच वस्त्यांतली होती. त्यातला एक मुलगा दुसऱ्या दिवसापासून आला नाही. मी त्याच्या घरी गेलो तेव्हा तो ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेला होता. नियमाप्रमाणे माझी काही चूक नव्हती. तरीही ती यादी पुन्हा वर्गात वाचायची नाही, एवढे मी ठरवले. आता ज्याला त्याला बाजूला घेऊन सांगतो.

वास्तविक २०२१ च्या सूचनांतच 'फ्रीशिप कार्ड'ची तरतूद आहे. पात्र विद्यार्थ्याला आगाऊ शुल्क न घेता प्रवेश द्यावा आणि शिष्यवृत्ती आल्यावर त्याने शुल्क भरावे, असा तिचा आशय. किती विद्यार्थ्यांना हे ठाऊक आहे? किती प्राध्यापकांना ठाऊक आहे? मलाही ते अर्ज तपासता तपासता फार उशिरा कळले.

५. एम्.ए. करून काय होणार?

येथे वाचकांपैकी कोणीतरी विचारील, आणि त्या मुलीच्या वडिलांनी विचारले असते तर मी गप्प झालो असतो, की एम्.ए. करून होणार काय? तुम्ही स्वतः तासिकेवर राबता, तुमचेही मानधन महिनोन्‌महिने येत नाही. मग पोरीला नर्सिंगला किंवा आय.टी.आय.ला का घालू नये?

हा प्रश्न खोटा नाही. ज्याला लवकर कमवायचे आहे त्याने जरूर तिकडे जावे; त्यात कमीपणा नाही. परंतु साहित्य, इतिहास, समाजशास्त्र, अर्थशास्त्र हे विषय कोणी शिकायचे, हे जर घरच्या पैशावर ठरू लागले, तर आपला इतिहास पुन्हा दुसरेच लिहितील. १९५० साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने तेव्हाच्या औरंगाबादेत महाविद्यालय काढले, तेच पुढचे मिलिंद. तेथल्या वसतिगृहांत आणि शिष्यवृत्तीच्या तुटपुंज्या रुपयांवर जी पिढी वाचायला शिकली, तिच्यातून आपले लेखक, समीक्षक, कार्यकर्ते आले. दलित साहित्याची चळवळ आकाशातून पडली नाही. तिच्यामागे कोणाच्या तरी वेळेवर आलेल्या मनीऑर्डरी आहेत आणि रात्री उशिरापर्यंत जळणारे वसतिगृहाचे दिवे आहेत. एम्.ए.ची दोन वर्षे ही आपल्या समाजाला विचार करणारी माणसे देणारी जागा आहे. ती कोरडी पडली तर पुढे संशोधनाच्या अधिछात्रवृत्त्या घ्यायला तरी कोण पोचणार?

६. काय करता येईल

शासनाकडे आपली मागणी नेमकी असावी. केवळ 'शिष्यवृत्ती वाढवा' म्हणून भागणार नाही. पदव्युत्तर वर्गाच्या भत्त्याचा पहिला हप्ता प्रवेश झाल्यापासून एका महिन्यात मिळावा. मागच्या वर्षी जो पात्र ठरला त्याला कागद पुन्हा तपासण्याआधी तो द्यावा. घरून ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याचा भत्ता निदान बसच्या खर्चाशी जुळावा. फ्रीशिप कार्डाची माहिती प्रत्येक महाविद्यालयाच्या प्रवेशाच्या फलकावर मराठीत लागावी.

विद्यार्थ्यांनी काही नियम आधीच माहीत करून घ्यावेत. एका विषयात एम्.ए. झाल्यावर दुसऱ्या विषयात एम्.ए.ला ही शिष्यवृत्ती मिळत नाही. तेव्हा विषय निवडताना घाई करू नये. एक शिष्यवृत्ती घेताना दुसरी चालत नाही. कोणती सोयीची हे आधी ठरवावे. उत्पन्नाचा दाखला उन्हाळ्यातच काढून ठेवावा. बँकेत जाऊन खाते आधारशी जोडले आहे की नाही हे स्वतः विचारावे. आणि शुल्काची रक्कम खात्यावर आली की त्याच आठवड्यात भरून पावती घ्यावी. ती घरची रक्कम नाही, हे वडिलांना आधीच समजावून सांगावे.

तिसरे काम आपले, म्हणजे पहिल्या पिढीत पगार घेऊ लागलेल्यांचे. जुलै ते डिसेंबर हे सहा महिने काढून देणे एवढेच ते काम आहे. गेल्या वर्षी आम्ही तिघांनी मिळून थोडी रक्कम बाजूला ठेवली. विद्यार्थ्याला पास आणि पुस्तकांपुरते पैसे द्यायचे, शिष्यवृत्ती आली की त्याने ते परत करायचे, परत आले की दुसऱ्याला द्यायचे. व्याज नाही, कागद नाही, सत्कार नाही, फोटो नाही. रक्कम लहान आहे, पाच जणांना पुरली. दोघांनी परत केली आहे. जयंतीच्या मिरवणुकीला आपल्या वस्त्या जेवढी वर्गणी जमवतात, तिचा एक हिस्सा जरी प्रत्येक तालुक्यात अशा कामाला वळला, तरी पुष्कळ संध्याकाळी वाचतील.

त्या मुलीने एम्.ए.ला प्रवेश घेतला. पहिल्या महिन्याचा पास आमच्या पैशातून निघाला. तिचे वडील त्यानंतर आठवडी बाजारात दोनदा भेटले; दोन्ही वेळा त्यांनी तोच प्रश्न विचारला. मी आता टाळत नाही. पोर्टल उघडून अर्ज कोठे अडला आहे ते त्यांना दाखवतो. हे लिहीत असताना तिचे पहिले सत्र संपले आहे आणि तिचा अर्ज अजून मंजुरीच्या रांगेत आहे. काल ती घरी आली होती. माझ्याकडून नेलेल्या दोन कादंबऱ्या तिने परत केल्या, आणि तिसरी मागून नेली.